घरटी एक पट्टा

लोकांना चालायला लावायचं काम मी चार महिने केलं, आणि ते सगळं स्कूटीवर बसून. महाडच्या घरातून निघायचं, बिरवाडीच्या खोल्यांपर्यंत गाडी न्यायची, अगदी ओट्याला टेकवायची आणि उतरून समोरच्या माणसाला विचारायचं, आज किती चाललात? आई म्हणायची, जग चालवायला निघालीस, स्वतः कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तरी पायी जा. मला राग यायचा, कारण ते खरं होतं. राग मला तसा लवकरच येतो, पण खऱ्या गोष्टीचा जरा जास्तच लवकर येतो.

काम एका अभ्यासाचं होतं. पुण्याच्या एका मॅडमनी तो आखला होता आणि इथली माहिती गोळा करायला त्यांनी मला नेमलं होतं. प्रश्न साधा होता. कामाच्या वयाची माणसं, म्हणजे विशीपासून साठीपर्यंतची, त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधला आणि आठवड्यातून एकदा फोन करून पाठ थोपटली, तर ती आधीपेक्षा जास्त चालतात का? आणि जास्त चालली तर वजन, रक्तदाब, दमसास यांत काही फरक पडतो का? डोंगरावरून खाली खोल्यांत राहायला आलेल्या माणसांचं चालणं एकाएकी कमी होतं आणि पाचसात वर्षांत साखर, प्रेशर मागे लागतं, असं मॅडमचं म्हणणं होतं. त्यात मला काही खोट दिसत नव्हती. माझ्या सख्ख्या मामाचंच उदाहरण डोळ्यांसमोर होतं.

मॅडमना या विषयात एका गोष्टीची चीड होती. असे अभ्यास पुष्कळ होतात, त्या म्हणायच्या, पण बरेचसे कच्चे असतात. कुणी लोकांच्या तोंडी सांगण्यावर विसंबतं, कुणी मध्येच सोडून गेलेल्यांना हिशेबातच धरत नाही, कुणी उन्हाळ्यात सुरुवात करतं, भातलावणीच्या दिवसांत पुन्हा मोजतं आणि सांगत सुटतं की बघा, आमच्यामुळे माणसं किती हलायला लागली. आपला अभ्यास पक्का झाला पाहिजे. म्हणून तोंडी सांगण्यावर काही ठेवायचं नाही, सगळं पट्ट्यावर. यंत्र खोटं बोलत नाही, हे वाक्य त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं आणि मी ते पुढे दहा जणांना ऐकवलं.

बिरवाडीत एमआयडीसीमुळे भाड्याच्या खोल्यांच्या ओळीच्या ओळी झाल्या आहेत. आम्ही निवडलेल्या ओळींत बहुतेक घरं पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एकाच वाडीतली होती. कुणी कंपनीत लागलं म्हणून खाली आलेलं, कुणी आसपासच्या डोंगरात दरडी सुटायला लागल्यावर पावसाळ्यात वर राहायची हिंमत होईना म्हणून आलेलं. वाडी खाली आली तशी तिची रीतही खाली आली होती. ओळीतलं गटार तुंबलं की घरटी एक माणूस. टाकी धुवायची की घरटी एक माणूस. वर वाडीत शिमग्याआधी पालखी बसते ती सहाण साफ करायची, झऱ्याचा गाळ काढायचा, तर रविवारी सकाळच्या एसटीनं घरटी एक माणूस वर. कोण आलं हे कुणी बघत नाही, घर आलं का एवढंच बघतात. नवरा रात्रपाळीवरून येऊन झोपला असेल तर बायको जाते, बायकोचं अंग दुखत असेल तर दीर जातो. हजेरी घराची. ती चुकली की गावकीत घराचं नाव निघतं, आणि उद्या त्या घरात लग्न निघालं किंवा मयत झाली तर माणसं पाय ओढत येतात.

हे सगळं मला माहीत होतं. मी काही बाहेरची नव्हे. म्हणूनच तर चुकले.

दिवाळी झाल्यावर ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत पहिली सभा घेतली. मॅडमच्या कागदावर लिहिलेलं होतं की प्रत्येक घरातून एकच पात्र व्यक्ती निवडावी, आणि अभ्यास संपेपर्यंत पट्टा त्याच व्यक्तीच्या हातात राहावा. असली भाषा या माणसांसमोर वाचली असती तर निम्मी उठून गेली असती. मी कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्या ढंगात सांगितलं, घरटी एक पट्टा, चार महिने, खंड पडू द्यायचा नाही. सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. इतक्या पटकन होकार मिळेल असं मला वाटलं नव्हतं. दोन पानी संमतीपत्रावर घरामागे एक सही घेतली, घरामागे एक नाव लिहिलं. मॅडमना फोन करून मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं की स्थानिक माणूस असला की काम असं होतं.

दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत एक ताई राहायच्या. वय चव्वेचाळीस. एका कंपनीच्या कँटीनमध्ये पहाटेपासून दुपारपर्यंत उभ्यानं चपात्या लाटायच्या. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, मुंबईला गोदामात कामाला. खोलीत त्या, त्यांचे धाकटे दीर आणि जाऊ. जाऊ तिशीतली, हसरी, तुरुतुरु चालणारी, जवळच्याच शेडमध्ये पॅकिंगला जायची. पट्ट्यासाठी नाव लिहिलं ते ताईंचं, कारण घरात मोठ्या त्या होत्या.

सुरुवातीची प्रश्नावली भरताना मी ताईंना विचारलं, तुम्ही व्यायाम करता का? नाय म्हणाल्या. दिवसभरात दम लागेल असं काही जोरकस काम? तेही नाय. चपात्याच तर करते, त्या म्हणाल्या. मग सहज म्हणून विचारलं की रविवारी काय करता, तर वाडीला जातात. एसटी फाट्यापर्यंत, पुढे सगळी चढण पायी, येताना डोक्यावर लाकडं नाहीतर तांदळाचं गाठोडं. पण प्रश्नावलीत लाकडाच्या भाऱ्याला चौकोन नव्हता. मी ‘व्यायाम नाही’ या चौकोनात खूण केली आणि आम्ही दोघी हसलो. ताईंचं हसणं मोठं होतं, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं.

वाडीला दर रविवारी कशाला जाता, एवढी दगदग कशाला, असं मी विचारलं होतं. तेव्हा त्या हसल्या नाहीत. यजमान दोन वर्षं शिमग्यालासुद्धा आले नव्हते, आणि वर माणसं कुजबुजायला लागली होती की ते घर आता संपल्यात जमा आहे.

“घर रिकामं पडलं असं कोनी म्हनू नये,” त्या म्हणाल्या. “मी हाय तवर हजेरी चुकायची नाय.”

मी ते ऐकलं, मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यासाठीही चौकोन नव्हता.

मग रविवार सुरू झाले. दर रविवारी संध्याकाळी मी घरी चहाचा कप घेऊन बसायची आणि एकामागून एक फोन लावायची. बोलायचं काय ते छापील होतं. पट्टा नीट चालतो ना? आठवड्याचा आकडा किती? संध्याकाळचं फिरणं होतं ना? मग शेवटी कौतुकाचं वाक्य, छान, असंच चालू ठेवा. कोण कुठल्या शब्दानं खूश होतं तेही मला कळायला लागलं होतं. एका मिस्त्रींना ‘शाब्बास’ म्हटलेलं चालायचं नाही, त्यांना ‘वा’ लागायचं.

ताईंचा आकडा पहिले तीन आठवडे बेताचा होता. मग तो चढायला लागला. चढला तो उतरेचना. बाकीच्यांची रेघ वरखाली व्हायची, यांची आपली शिडी लावल्यासारखी वर. मॅडम पुण्याहून तक्ता बघायच्या आणि खास त्यांच्याबद्दल विचारायच्या. कँटीनमध्ये काम करणारी, चाळिशीतली बाई, कसला व्यायाम नाही, आणि बघा. अशीच माणसं आपल्याला हवी आहेत, त्या म्हणायच्या. समारोपाच्या कार्यक्रमात ताईंनी चार शब्द बोलावेत, फोटो काढावा, असंही ठरलं. मी रविवारी फोनवर ताईंना सांगितलं की तुमची रेघ सगळ्यांत वर आहे. त्या म्हणाल्या, बरं झालं गो बाय. फोनवर त्यांचा आवाज अलीकडे बारीक यायचा. मला वाटायचं, रेंज नाही.

शिमगा आटोपून माणसं वाडीहून परत आली, तेव्हा शेवटची मोजणी ठेवली. वजन, रक्तदाब, आणि सहा मिनिटांचं चालणं. मोकळ्या जागेत दोन टोकांना दोन विटा मांडायच्या, मध्ये खडूची रेघ, आणि माणसानं सहा मिनिटं या विटेपासून त्या विटेपर्यंत आपल्या चालीनं येरझाऱ्या घालायच्या. मी फेऱ्या मोजायच्या. दिवाळीनंतर हीच चाचणी घेतली होती तेव्हा ताई पदर खोचून भराभर चालल्या होत्या आणि वर मलाच म्हणाल्या होत्या, झालं एवढंच?

त्या दिवशी त्या आल्या त्या अंगात स्वेटर घालून. बाहेर ऊन होतं. हातात पट्टा होता. मी वेळ लावली. पहिली फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला चाल अगदीच मंदावली. आणि मी, मला आज लिहितानाही लाज वाटते, मी हसत म्हटलं, ताई, पट्टा तर तुमचा पळतो, आणि तुम्ही अशा काय पाय ओढता? ताईंनी भिंतीला हात टेकला आणि तिथंच मातीत बसल्या. धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते.

जाऊ धावत आली. तिनं त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे वळून अगदी सरळ सांगितलं, काही लपवतोय अशी भावना तिच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हती.

“त्या नाय चालत, म्याडम. त्यांना होतच नाय. दिवाळीनंतर म्हयन्याभरातच दम लागाया लागला, तवापासनं पट्टा मीच घालते. आज तुमी त्यांना बोलावलंत म्हनून त्यांच्या हातात दिला.”

माझा पारा चढला. चार महिने, सोळा रविवार, मॅडमचा तक्ता, ती शिडीसारखी रेघ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले की तुम्ही मला फसवलंत. त्यांना माझा राग आला असता तर बरं झालं असतं, पण ती माणसं नुसती बुचकळ्यात पडली होती. शेजारच्या खोलीतले एक वयस्क काका होते, वाडीतल्या गावकीत मानाचे. ते समजुतीच्या स्वरात बोलले.

“फसवलं कुटं, पोरी? घरटी एक म्हनालीस. चार म्हयन्यांत एक दिस तरी कुनाच्या घरात पट्टा पडून राहिलाय का इचार बगू.”

विचारायची गरजच नव्हती. एकेक जण आपण होऊन सांगायला लागला, आणि ते सगळे कामात खंड पडला नाही हे मोठ्या अभिमानानं सांगत होते. एका घरात नवरा रात्रपाळीला घालून जायचा आणि सकाळी आल्यावर बायको घालायची. एका घरात भाऊ गावाला गेला की वहिनी. ज्या मिस्त्रींना मी ‘वा’ म्हणायची, त्यांचा पट्टा आठवड्यातले तीन दिवस त्यांच्या मुलीच्या हातात असायचा. यंत्र खरंच खोटं बोललं नव्हतं. पावलं सगळी खरी होती. फक्त मी ज्यांच्या नावापुढे लिहीत होते त्यांची नव्हती.

मी अजून काही बोलणार होते, तेवढ्यात खाली बसलेल्या ताईंनी माझ्या ओढणीचं टोक धरलं.

“आमच्या घराचं नाव काडू नको गो बाय,” त्या म्हणाल्या. “मी चालंन. उद्या चालंन.”

त्या हाताची नखं मला तेव्हा दिसली. कागदासारखी पांढरी. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. या बाईला उभं राहवत नव्हतं आणि तिला भीती वाटत होती ती माझ्या यादीतून घर निघण्याची, म्हणजे तिच्या लेखी चारचौघांत घराची हजेरी चुकण्याची. मी नाडी बघितली, ती धावत होती. रिक्षा बोलावली आणि ताईंना, जावेला घेऊन महाडला सरकारी दवाखान्यात गेले. वाटेत जावेनं माझ्या कानाशी सांगितलं की त्यांना कितीतरी महिने अंगावरून फार जातंय, थांबतच नाही, पण सांगू नको म्हणाल्या होत्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिनचा आकडा इतका कमी आला की त्यांनी पुन्हा तपासायला लावलं. मग मला बाहेर बोलावून विचारलं, ही बाई कामाला जात होती? उभ्यानं? मी म्हटलं, जात होती. आणखी थोडे दिवस काढले असते तर हृदयावर आलं असतं, ते म्हणाले. त्याच संध्याकाळी रक्त चढवायला सुरुवात झाली. पुढे पिशवीचं ऑपरेशन करावं लागणार हेही तेव्हाच सांगितलं.

मी बाकावर बसले आणि मनातल्या मनात तक्ता उघडला. पट्टा ताईंच्या हातात असता तर डिसेंबरातच ती रेघ खाली आली असती. दर आठवड्याला खाली आली असती. मी कितीही बावळट असले तरी घसरणारी रेघ मला दिसली असती आणि मी विचारलं असतं, ताई, काय झालं? त्याऐवजी जावेची तिशीतली ताजी पावलं त्यांच्या नावावर चढत होती, आणि मी म्हणत होते, छान, असंच चालू ठेवा. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे दिवा मीच धरून उभी होते.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं की किती घरं. मी म्हटलं, जवळजवळ सगळी. दुसऱ्या दिवशी त्या पुण्याहून गाडी करून आल्या, आणि आल्या त्या आधी दवाखान्यात. ताईंच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. मॅडमनी त्यांच्यासाठी मोसंबी आणली होती, ती त्यांनी स्वतःच सोलायला घेतली आणि एकेक फोड त्यांच्या हातात देत राहिल्या.

नंतर आम्ही दवाखान्याच्या आवारात बदामाच्या झाडाखाली उभ्या राहिलो. हा अभ्यास चांगला उतरला असता तर पुढचा मोठा टप्पा मंजूर होणार होता. मॅडमची त्यात कितीतरी वर्षं गेली होती, आणि मलाही दोन वर्षांचं काम मिळणार होतं. मग मी ते बोलले. खरं सांगायचं तर ते मीच सुचवलं, मॅडमनी नाही. मी म्हटलं, पावलं तर खरी आहेत. ताईंचं एक घर वगळू आणि बाकीचं आहे तसं देऊ. पुण्यात कुणाला कळणार आहे की पट्टा नवऱ्याच्या हातात होता की बायकोच्या?

मॅडम माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत, फार थकल्यासारख्या दिसल्या.

“आपण छापलेला आकडा इथं थांबत नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या कुणीतरी तो वाचेल, दुसऱ्या गावात असेच पट्टे वाटेल आणि अशाच एका बाईला दर रविवारी फोन करून सांगेल की छान चाललंय.”

मी त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा मनापासून मान दिला. तोवर मी त्यांना उंटावरून शेळ्या हाकणारी मोठी बाई समजत होते, आणि प्रत्यक्षात उंटावर मी होते.

मग आम्ही एकेका घरी पुन्हा गेलो. या वेळी कागद घेऊन, आणि तोडून बोलायला नव्हे तर विचारायला. कुणी, कधी, किती दिवस घातला. माणसांनी आठवून आठवून सगळं सांगितलं, कारण घराची हजेरी कुणी दिली हे त्यांच्या पक्कं लक्षात असतं. त्या ओळींत कुणी चोरून दुसऱ्याला पट्टा दिला असं एकही घर निघालं नाही. एकाच माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत पट्टा घातला अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तेवढ्यावर कसलंच अनुमान निघत नव्हतं. मॅडमनी अहवालात तसंच लिहिलं, की पट्ट्यानं आणि फोननं माणसं जास्त चालली की नाही ते या अभ्यासावरून सांगता येत नाही, आणि चूक सहभागी लोकांची नाही, रीत विचारात न घेता नोंदणी करणाऱ्या आमची आहे. पुढचा टप्पा मंजूर झाला नाही. मला पुढे दुसरं काम मिळालं, त्याचं इथे काही नाही.

ताईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. वैशाखात त्या विश्रांतीला वाडीला गेल्या होत्या, तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. अहवालात त्यांची हकिकत नाव न देता लिहायची होती आणि त्यांना विचारल्याशिवाय मी ती लिहू देणार नव्हते. पोलादपूर सोडून वर गेल्यावर फाट्यापर्यंत स्कूटी गेली, पुढे गेली नाही. चढण मी पायी चढले आणि तीन ठिकाणी बसले. ताई हा रस्ता डोक्यावर भारा घेऊन करायच्या, आणि मी त्यांच्या नावापुढे ‘व्यायाम नाही’ लिहिलं होतं.

ताई पडवीत बसून कोकमं फोडत होत्या. वजन उचलायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून बसून करता येईल ते चाललं होतं. चेहऱ्यावर रंग आला होता. त्या दिवशी वाडीत झऱ्याचा गाळ काढायचं काम होतं, आणि घराच्या हजेरीला जाऊ वर आली होती. तिच्या हसण्याचा आवाज खालून येत होता. मी कागद काढून त्यांच्याबद्दल लिहिलेला मजकूर वाचून दाखवला. त्यांनी हात न थांबवता ऐकलं.

घराचं नाव काढलं नाही ना, एवढं त्यांनी विचारलं. नाही काढलं, मी म्हटलं. कुठल्याच घराचं काढलं नाही, यादी होती तशी आहे. त्यांनी मान हलवली आणि लिहा म्हणाल्या.

माझं काम झालं होतं. पण एक गोष्ट मनात सलत होती आणि ती मी बोलून टाकली. मी म्हटलं, ताई, मी दर रविवारी फोन करत होते. एकदा तरी सांगायचं होतंत, मला बरं नाही म्हणून. माझ्या आवाजात थोडी तक्रारही असेल. स्वतःची चूक अशी अर्धी दुसऱ्याच्या पदरात टाकता आली तर बघावी, असा माणसाचा स्वभाव असतो.

ताईंनी कोकम फोडायचं थांबवलं. रागावल्या नव्हत्या. उलट मलाच वाईट वाटू नये अशा बेतानं बोलल्या.

“तू पट्ट्याचं इचारायचीस गो बाय, मी पट्ट्याचं सांगायची. माजं इचारलं असतंस तर माजं सांगितलं असतं.”

मग मी विचारलं. कागद पिशवीत घातला आणि विचारलं की ताई, तुम्हाला काय होत होतं, पहिल्यापासून सांगा.

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, आणि ते रविवारच्या हिशेबानं सांगितलं. दुसऱ्या रविवारी वाडीहून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि त्या खाली पोचल्या तेव्हाच माझा फोन आला होता. पाचव्या रविवारी त्या आडव्या होत्या, पण म्हणे झोपून बोलणं बरं दिसत नाही म्हणून माझा फोन आल्यावर उठून बसल्या. नवव्या रविवारी कँटीनमध्ये तव्यापाशी चक्कर आली होती. अकराव्या रविवारी रात्रभर कपडे बदलावे लागले होते. माझ्याकडे तक्ता होता, त्यांच्याकडे कागदाचा कपटासुद्धा नव्हता, आणि तरी सोळातला एकही रविवार त्या विसरल्या नव्हत्या.

सोळाव्या रविवारी मी नेहमीपेक्षा जास्त बोलले होते, त्या म्हणाल्या. तुमची रेघ सगळ्यांत वर आहे म्हणून सांगितलं होतं. एवढं मायेनं बोलतेय पोरगी, तर आज हिला सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. त्यांनी ‘अगो बाय’ म्हणून सुरुवातही केली होती. पण मला पुढच्या घराला फोन लावायची घाई होती.